वीतभर उंबरा

"आमचं दार समोरच्या पद्माच्या दाराच्या खाली? हे कुणी ठरवलं?" लीलाबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि दिवाणावरूनच सुनेच्या कॉम्प्युटरकडे मान लांब केली.

"कुणी ठरवलं नाही, आई. मोजणी आहे ही," मालविका म्हणाली. "मागच्या महिन्यात ते सर्वेवाले आले नव्हते का, तिपाईवर यंत्र लावून? पूरी गली नापली त्यांनी. तुमचा उंबरा वीतभर खाली आहे."

"तुमचा म्हणे. तू लग्न करून कुठे आलीस, बाजूच्या घरात?"

सून घरबसल्या एका कंपनीसाठी खेळातली गावं घडवते, हे लीलाबाईंना आताशा पटलं होतं. आधी वर्षभर त्या मोहल्ल्यात सांगत, "दिवसभर व्हिडिओगेम खेळते आणि वर पगार घेते." या नव्या खेळात दुर्गाघाटाची त्यांचीच गल्ली होती. गंगेला बाढ येते, पुराचं पाणी गल्लीत चढतं, आणि खेळणाऱ्याने कोरडं घर शोधून जीव वाचवायचा. मालविका माउस फिरवी तशी जमीन भिजवलेल्या कणकेसारखी फुगे, नाहीतर दबे.

लीलाबाई चौथी शिकलेल्या, पण उंचसखल त्यांना कुणी शिकवायला नको होतं. अठ्ठ्याहत्तर साली पुरात अख्खी गल्ली बुडाली पण आपल्या उंबऱ्याला पाणी शिवलं नाही, ही गोष्ट त्यांनी जन्मभर सांगितली होती. मुलाच्या, प्रसन्नच्या लग्नात विहिणीला ऐकवली, पद्मासमोर तर कितीदा. आता वीतभर जमिनीपायी ती जगभर खोटी पडणार होती.

"वर कर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जमीन. कणीक फुगवतेस ना? फुगव."

"आई, कंपनी विचारेल मला."

"कंपनी राहते का दुर्गाघाटावर?"

मालविकाने माउस दाबला. घर उचललं गेलं ते थेट टेकडीवर जाऊन बसलं. "आता दूधवाला शिडी लावून येईल," ती म्हणाली.

"चेष्टा पुरे. शोभेल एवढं ठेव."

दाबून चोपून उंबरा पद्माच्या उंबऱ्यापेक्षा दोन बोटं वर राहिला. लीलाबाई सुपारी कातरायला घेतात तोच समोरच्या घरातून पद्माबाई चारच्या चहाला आल्या आणि रोजच्यासारख्या दिवाणावर त्यांच्याशेजारी टेकल्या.

"काय पाहताय सासवासुना?"

"आपलीच गल्ली, काकू. बाढ दाखवू?" मालविकाने कपबशी त्यांच्या हाती दिली, आणि लीलाबाई नको म्हणायच्या आत कळ दाबली.

मातकट पाणी वळणावरून आलं. लीलाबाईंच्या उंबऱ्याशी थबकलं, आणि समोर पद्माच्या दारातून सरळ आत शिरलं.

पद्माबाई पाहत राहिल्या. मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, "आमच्याकडे शिरलं होतं होय? असेल. माझं मेलीचं काही लक्षात राहत नाही."

टोमणा असता तर लीलाबाईंकडे त्याची सात उत्तरं तयार होती. पण पद्मा नुसती चहा फुंकत होती. लीलाची ती बढाई ऐकत इतकी वर्षं ती असाच चहा फुंकत आली होती. खरं तर त्या पुरात चार महिन्यांचा प्रसन्न खांद्यावर घेऊन, निम्मं भिजलेलं पातळ सावरत लीला पद्माच्या दारात येऊन उभी राहिली होती. सहा दिवस तिच्याच कोरड्या घरात राहिली, तिच्या हातची खिचडी खाल्ली, आणि मीठ कमी म्हणून नाकही मुरडलं.

"मालविका, खाली घे."

"आता काय?"

"आपला उंबरा. मोजणीवाल्यांनी लिहिलाय तेवढा."

"राहू दे गं लीला," पद्माबाई म्हणाल्या. "खेळच आहे."

"खेळ आहे म्हणून कोरडी घरं बुडवायची का लोकांची? घे गं खाली." मग त्या पद्माकडे वळल्या. "पण खिचडीत मीठ कमीच होतं. ते मी मागे घेत नाही."

"कमी कसलं. घालायचंच राहिलं होतं," पद्माबाई म्हणाल्या.

मालविकाने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि न विचारता माउस हातात घेतला. उंबरा खचला. तिने पुन्हा पाणी सोडलं. ते आलं, लीलाबाईंच्या उंबऱ्यावर चढलं आणि आत पसरत भिंतीला लागलं. लीलाबाईंनी नकळत निऱ्या आवरल्या आणि दोन्ही पाय उचलून दिवाणावर घेतले.

पद्माबाई हातातली बशी सांडू न देता थोड्या सरकल्या.