उधाणाची साक्ष दिलेला बाक

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. ठाण्यात बाक पुष्कळ आहेत. शाळेत आहेत, स्टेशनात आहेत, कचेरीच्या व्हरांड्यात तर रांगेने आहेत. पण भर कोर्टात उभं राहून साक्ष दिलेला, गोऱ्या साहेबाशी इंग्रजीत बोललेला आणि एका माणसाला काळ्या पाण्याच्या वाटेवरून माघारी आणलेला बाक एकच, आणि त्याच्यावरच तुम्ही आत्ता पाय हलवत बसला आहात. पाय हलवू नका. ऐका.

मी एक जुना लाकडी बाक आहे. तळ्यामागच्या आळीतली ही अण्णा वकिलांची ओटी माझं घर. पण मी जन्मतःच बाक नव्हतो. शहापूरच्या रानात मी ऐनाचं झाड होतो, इतकं उंच की माझ्या शेंड्यावरून मुंबईची गलबतं दिसत. तीन वाघ रोज माझ्या बुंध्याला पाठ घासून जायचे. बरं, दोन धरा. पुढे मला तोडलं, चिरलं, आणि बैलगाडीतून खाडीपलीकडे कळव्याच्या मिठागरात आणलं. तिथे मी झालो मापाची फळी.

मापाची फळी म्हणजे काय, ते शहरातल्या मुलांना ठाऊक नसायचं. मिठागराच्या बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ती उघडली की खाडीचं पाणी आतल्या सपाट जमिनीवर भरून घेता येतं. तिथून ते हळूहळू वाफ्यांत सोडायचं आणि उन्हाने त्याचं मीठ करायचं. पण पाणी भरायचा दिवस रोज येत नाही. अमावस्येला आणि पौर्णिमेला भर दुपारी खाडीला उधाण येतं, तेव्हाच ती बांधापर्यंत चढते. त्या दिवशी मिठागरातला एकही माणूस घरी राहत नाही. उघाडीच्या आत मला उभं ठोकलेलं होतं. पाणी जिथवर चढेल तिथे कोयत्याने खाच पाडायची, म्हणजे यंदा पाणी किती घेतलं ते कळतं. अमावस्येच्या खाचा माझ्या एका अंगाला, पौर्णिमेच्या दुसऱ्या अंगाला. खाच पाडायचा मान पंढरीचा. हात इतका हलका की मला गुदगुल्या व्हायच्या.

पंढरी हा आगरी माणूस, बोलायला कमी. त्याला वाचता येत नव्हतं. पण एका वर्षी मिठावरचा कर वाढला. शिवाय, मीठ पिकवणाऱ्याने घरच्या आमटीपुरतं मूठभर मीठ नेलं तरी ती चोरी, असा हुकूम निघाला. तेव्हा हाच पंढरी गावच्या पंतोजीकडे गेला. त्याने पंतोजीकडून सरकारला एक अर्ज लिहवून घेतला आणि घरोघर फिरून लोकांच्या निशाण्या घेतल्या. कुणी कोयता काढला, कुणी टोपली, कुणी नुसती रेघ. अर्जात शिवी नव्हती, धमकी नव्हती. आमच्या आमटीत मीठ असू द्यावं, एवढंच होतं.

अर्ज वर गेला आणि आठ दिवसांत पंढरीला धरून नेलं. मिठागरावर देखरेखीला एक शिपाई असे. त्याने लिहून दिलं की पंढरीने दीडशे लोक जमवून सरकारविरुद्ध चिथावणी दिली, हुकूम मोडा म्हणून सांगितलं. गुन्हा साधा नव्हता. शाबीत झाला असता तर पंढरी वर्षानुवर्षं घरी परतला नसता. गावात तर सरळ काळ्या पाण्याचंच बोलत होते.

त्याची बायको तुळसा खाडी ओलांडून ठाण्याला आली. ती बघा, पायरीवर नातीला घेऊन बसलेली म्हातारी, तीच तुळसा. दरवर्षी पाडव्याला अण्णांकडे मिठाची टोपली घेऊन येते. कानाने जरा अधू झाली आहे, म्हणून मी मोकळेपणी बोलतो.

तर तुळसा तीन वकिलांच्या दारी गेली. एकाच्या घरी पाहुणे होते, एकाला ताप होता, आणि तिसऱ्याने खरं सांगितलं, की सरकारविरुद्धचं प्रकरण घेतलं तर सनद जाईल. चौथे अण्णा. तेव्हा ते तिशीतही नव्हते, नवी पगडी सारखी डोळ्यांवर घसरायची. त्यांचीही सनद नवीच होती, आणि आई गोदूबाई दाराआडून मान हलवून नको नको म्हणत होती. अण्णांनी पगडी वर सारली. मग आईकडे न बघताच म्हणाले, "आई, अर्ज लिहिणं हा गुन्हा ठरला, तर उद्यापासून मी काय लिहू?" आणि तुळसाला सांगितलं की मला काही द्यायचं नाही, फक्त रोज यायचं, कारण मला मिठागरातलं काही कळत नाही.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारील, की बाकोबा, तुम्ही तर तेव्हा खाडीत उभे होतात, मग ओटीवरचं बोलणं तुम्हाला कसं ऐकू आलं? लाकूड लाकडाला सांगतं, बाळा. खाडीत होडी असते, होडीला वल्हं असतं. पुढे विचारू नये.

तुळसा रोज सकाळच्या होडीने यायची आणि दिवसभर ओटीवर बसायची. चंची उघडायची, पान करायची, तुरुंगाच्या दिशेला बघत चघळायची. गोदूबाई आधी दारातून नुसती बघत असे. चौथ्या दिवशी तिने ताकाचा गडू तुळसाच्या शेजारी ठेवला आणि आत गेली. अण्णा विचारीत, तुळसा सांगे. पण हाती काही लागेना. अर्ज लिहिला होता हे खरंच होतं, लोक पंढरीला मानत हेही खरं. दीडशे माणसांपैकी एकाने येऊन अशी सभा झालीच नाही म्हणून सांगितलं, तरी पंढरीच्या माणसावर विश्वास कोण ठेवणार?

सातव्या दिवशी फिर्यादीची नक्कल मिळाली. अण्णांनी ती मोठ्याने वाचली. फाल्गुन अमावस्येस, भर दुपारी, उघाडीच्या आतल्या सपाट जमिनीवर दीडशे इसम मांडी घालून बसले होते आणि आरोपी उभा राहून बोलत होता. एवढं ऐकलं आणि तुळसा हसत सुटली. इतकी हसली की तोंडातलं पान सांडलं.

अण्णा चिडले. "बाई, तुमचा नवरा जन्माचा आत जाईल, आणि तुम्हाला हसू येतंय?"

"हसू नको तं काय करू, वकीलसायेब? आवसेला दुपारी तिथं बसली व्हती? मग ती मानसं नसतील. म्हावरं असंल."

अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. ते वकील होते, हुशार होते, पण तळ्याकाठी वाढलेले, खाडीचं उधाण त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. तुळसाने समजावून सांगितलं, की अमावस्येच्या दुपारी तिथे उधाणाचं पाणी भरलेलं असतं, माणसं नव्हे, मासेच बसू शकतील. मग त्यांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, त्या दिवशी पाणी किती होतं हे कुणी सांगू शकेल का? तुळसा म्हणाली, मानूस नाय, पण फली सांगंल.

ती फळी म्हणजे मी.

पंढरीचा सोबती गणू याने मला उपटलं, होडीत आडवं घातलं आणि ठाण्याला आणलं. कोर्टात जाताना मला अंघोळही घालू दिली नाही अण्णांनी. आहे तशी आणा, चिखलासकट, म्हणाले. साहेब मॅजिस्ट्रेट उंच खुर्चीवर बसला होता. पंढरी कठड्यात उभा होता, मला बघून त्याने मान खाली घातली. आपल्या घरचं माणूस परक्या जागी दिसावं तसं झालं त्याला.

शिपाई साक्षीला आला. घाटावरचा माणूस, कळव्याला येऊन त्याला चार महिने झालेले, तेही दुपारी चौकीत झोपून काढलेले. अण्णांनी मऊपणे विचारलं की अमावस्येचाच दिवस इतका पक्का कसा लक्षात राहिला. तोही सरळपणे म्हणाला, "आमच्या गावाकडं अमावस्येला औत धरत नाहीत, साहेब. बैल मोकळे, माणसं मोकळी. तशीच ही बी मोकळी व्हती, म्हणून तर जमली."

बघा मित्रांनो, खोटं रचतानाही माणूस आपलंच गाव वापरतो. त्याच्या गावची अमावस्या रिकामी, म्हणून त्याने आमची रिकामी धरली. आमची तर वर्षातली सगळ्यांत घाईची.

अण्णांनी विचारलं, तुम्हीही तिथे बसला होता? हो, मागच्या बाजूला. कसे? मांडी घालून. मग जरा बसून दाखवा. शिपायाने साहेबाकडे बघितलं, साहेबाने मान हलवली. तो कोर्टाच्या फरशीवर मांडी घालून बसला. अण्णांनी मला त्याच्या शेजारी उभं करवलं आणि अमावस्येच्या अंगाची शेवटची खाच दाखवली. मातीत पुरलेला भाग वजा धरूनही खाच शिपायाच्या पगडीच्या वर चार बोटं होती.

कोर्टात आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी नाक दाबून बुडाल्यासारखा आवाज काढला, आणि सगळं कोर्ट हसू लागलं. शिपायाला उठावं की बसावं ते कळेना.

साहेब मात्र हसला नाही. त्याने विचारलं, ही खाच काल कोरलेली नसेल कशावरून? अण्णा म्हणाले, साहेबांनी स्वतः बघावं. साहेब खाली उतरला, वाकला. खाचेच्या पोटात मिठाची पांढरी खपली धरली होती, ती एका दिवसात धरत नाही. त्याने तिला बोट लावलं आणि बोट जिभेवर ठेवलं. मग सावकाश माझ्याकडे वळून त्याने इंग्रजीत विचारलं, हे खरं आहे? आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, येस सर.

विश्वास नाही ना बसत? सांगितलं होतं मी.

पंढरी त्याच दुपारी सुटला. बाहेर आला तो आधी माझ्याकडे आला, माझ्या अंगावरचा चिखल पंच्याने पुसला, आणि मगच तुळसाकडे बघितलं. अण्णा म्हणाले, ही फळी आता माझ्या ओटीवर राहील. त्यांनी सुतार बोलावला, मला आडवं केलं, चार पाय दिले आणि मी बाक झालो.

त्यानंतर माझ्यावर कोण कोण बसलं म्हणून सांगू. वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं म्हणून नोकरीवरून काढलेला कल्याणचा मास्तर बसला. पोवाडा म्हटला म्हणून धरलेला डोंबिवलीकडचा एक शाहीर जामिनावर सुटून आला तो इथेच बसला, आणि भीतीने तीन दिवस त्याचा आवाजच फुटेना. चौथ्या दिवशी त्याने माझ्यावरच ठेका धरला. अण्णांनी यांच्याकडून कधी काही घेतलं नाही. काही सुटले, काही आत गेले, पण दाराबाहेर उभं राहून कुणी परत गेलं नाही. सनदेबद्दल चौकशी लागली एकदा, तेव्हा गोदूबाईच अण्णांना म्हणाली की भिऊ नकोस, बाक आत घेऊ नकोस.

मधली काही वर्षं माझी हेळसांड झाली, हे खोटं कशाला सांगू. अण्णा थकले, वकिली सुटली, आणि माझ्यावर पापड वाळू लागले. एक पाय लुळा पडला, त्याखाली विटेचा तुकडा आहे. पण एकंदरीत माझं बरं चाललं आहे. दुपारी ऊन येतं, अण्णा आत डुलकी घेतात, तुम्ही पोरं येऊन बसता.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यावर चाकूने नावं कोरू नका. आणि मोठे झालात की आपल्या ओटीवर एखादा बाक ठेवा, ज्याला कुणी दारात उभं करत नाही त्याच्यासाठी. लाकूड कसलंही चालेल.

आता जाताजाता पुरावा बघून जा. खाली वाका, माझ्या कडेला आतून हात लावा. लागल्या ना पांढऱ्या रेघा? अकरा आहेत. उधाणाच्या खुणा त्या, इतक्या वर्षांत झिजल्या नाहीत. साहेबाने चाटून बघितलं होतं तसं तुम्हीही खुशाल चाटून बघा.

तुळसाची नात आवडा पायरीवरून उठली, वाकली, नखाने रेघ खरवडली आणि बोट जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं.

"नाय खारट, आजे," ती म्हणाली. "जीभ भाजते."

तुळसाला सगळं ऐकू येत होतं. अगदी पहिल्यापासून.

"खारट कसं लागंल, पोरी? चुना हाय तो. मापाची फली तं दुसऱ्याच दिशी परत नेऊन ठोकली, नाय तं पुढल्या आवसेला पानी कशावर मोजलं असतं? अजून हाय ती उघारीवर, कालच तुझ्या आज्याने तिच्यावर खाच पारली. यो तं आंब्याचा बाक, तवाबी इथंच व्हता, माझ्या बुडाखाली. तुझा आजा आत व्हता ते अकरा दिस मी यावरच बसली. पान लावायची, आन् चुन्याचं बोट खाली पुसायची. रोज एक. मोज."