खरी कोणाला, खोटी कोणाला

घरी गेले की सगळे विचारतात, "काय म्हणाले डॉक्टर?" डॉक्टर काय म्हणणार, कपाळ! त्यांनी तोंड उघडायच्या आत आमच्या मोठ्या जाऊबाई बोलायला लागतात, आणि त्यांचं आटपेपर्यंत बाहेर पुढच्या बाईचा नंबर पुकारलेला असतो.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणते. घराखालच्या गाळ्यात आमच्या दोघींची शिलाई मशीनं समोरासमोर आहेत. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. कॉलर आणि बाह्या त्या करतात, बाकीचं मी करते, आणि दिवसभर आम्ही भांडतो. दोरा संपला म्हणून भांडतो, पंखा जोरात लागला म्हणून भांडतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, या बायका आता कात्र्या उगारणार. जुनी गिऱ्हाइकं खुर्ची ओढून ऐकत बसतात.

तर झालं असं, की पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर मला पुन्हा रक्त दिसायला लागलं. सुटले म्हणत होते, कसली सुटतेय! पाळी गेल्यावर रक्त गेलं की गर्भपिशवीत आत बघायलाच हवं, तुकडा काढून तपासायलाच हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. नसलं तर काहीच नसतं, आणि असलं तर ते असतं. 'ते' म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणी तोंडाने बोलत नाही. वहिनी तर गाळ्यातल्या रेडिओवर त्या आजाराची जाहिरात लागली तरी बटण बंद करतात.

गेल्या महिन्यात एका दवाखान्यात दुर्बीण घालायला गेले, तर पिशवीचं तोंडच उघडेना. माझी दोन्ही पोरं पोट फाडून झालेली, त्यात वय झालेलं. तोंड मोठं करायला बारीक सळया घालतात, त्यातली पहिलीच अडकली. मी घामाघूम झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, मोठ्या इस्पितळात जा. पूर्ण भूल द्यायची तर माझं हृदय तोळामासा, ते कोणी अंगावर घेईना. म्हणजे जागेपणीच आत शिरायचं, नाहीतर काय आहे ते न कळता बसायचं. न कळता बसायचा मला इतका कंटाळा आला होता की रात्रीची झोप गेली आणि दिवसा मशीनवर डुलक्या यायला लागल्या. एकदा सदऱ्याचा खिसा पाठीवर शिवला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई स्वभावाने शांत होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. एक गोळी आहे, ती सकाळी आत ठेवली की काही तासांत तोंड मऊ पडतं. तरुण बायकांत तिचा गुण येतो. पाळी गेलेल्या बायकांत येतो का, हे नक्की माहीत नाही, म्हणून चाचणी चालू आहे. अर्ध्या बायकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कुठली, ते मला माहीत नाही, सिस्टरला माहीत नाही, तुम्हालाही कळणार नाही. यायचं तर या, नको तर नको.

"लॉटरी आहे का ही?" वहिनी म्हणाल्या. "हिला खरीच द्या. आमच्या घरातली बाई आहे ही, उंदीर नाही."

"खरी कुठली ते मला माहीत असतं, तर ती चाचणी कसली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी तोंड उघडलं.

"तिला काय वाटायचंय? ती तयार आहे," वहिनी म्हणाल्या.

मी तयार होतेच, तो भाग निराळा. पण सांगायला मला आवडलं असतं.

ठरल्या दिवशी सकाळी सिस्टरने गोळी ठेवली आणि मला खाटेवर आडवं केलं. लांबलचक खोली, मध्ये हिरवे पडदे, प्रत्येक खाटेशी एक लोखंडी स्टूल. शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई होत्या, त्याही याच चाचणीतल्या. थोड्या वेळाने त्या कुशीवर वळल्या, मग पाय पोटाशी घेतले, मग "आई गं" सुरू झालं. त्यांच्या पोटात कळा यायला लागल्या, अंगावर काटा आला, दात वाजायला लागले. सिस्टरने गरम पाण्याची रबरी पिशवी आणून त्यांच्या पोटावर ठेवली. त्या खोलीची रीतच होती ती. जिला कळा आल्या तिला पिशवी.

वहिनींनी पडदा बाजूला करून सगळं पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुला?"

"मला काही नाही."

"काहीच नाही? जरासुद्धा?"

"जरा भूक लागलीय."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "झालं! तिला खरी, तुला खोटी. आपलं नशीबच फुटकं!"

आता मी खोटं कशाला बोलू? मला त्या मास्तरीणबाईंचा हेवा वाटला. ती बाई बिचारी उशी चावत होती आणि मी पडद्याआडून तिच्यावर जळत होते. माणसाचं मन म्हणजे काय विचारू नका. दुसरीच्या दुखण्यावर डोळा ठेवायची पाळी आली माझ्यावर.

वहिनी स्टुलावरून उठल्या. मला वाटलं चहाला चालल्या. पण बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, दबका म्हणून काढलेला आणि पार जिन्यापर्यंत पोचणारा. "सिस्टर, आमच्या हिला फार दुखतंय हो. ती बोलत नाही. लहानपणापासून मुकी आहे दुखण्याला."

लहानपणी यांनी मला पाहिलं तरी होतं का?

सिस्टर पिशवी घेऊन आली. "सांगायचं ना मावशी, असं सोसायचं कशाला?" म्हणाली आणि पिशवी पोटावर ठेवली. मी म्हणणार होते, अहो दुखत नाही मला. पण ती ऊब पोटात उतरली, पाठ सैल पडली आणि इतक्या दिवसांत असं उबेचं काही कोणी माझ्या अंगावर ठेवलं नव्हतं. गप्प बसले. वहिनी डोळ्यांनी म्हणाल्या, बघ! आणि मला गाढ झोप लागली.

जाग आली ती चाकांच्या खाटेवर. मला आतल्या खोलीत नेत होते. पिशवी पोटावर तशीच. टेबलावर घेतलं, पाय वर बांधले, डोक्यावर मोठा दिवा, बाजूला टीव्हीसारखा पडदा, काळा. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत आल्या. सिस्टरने पिशवी उचलून बाजूला ठेवली, तेव्हा पिशवीकडे बघून डॉक्टरीणबाई हसल्या.

"तुम्हालाही कळा आल्या वाटतं? चला, बरं झालं. म्हणजे तोंड मऊ झालं असणार. बारीक सळईपासून सुरुवात नको मग, थेट मधली घेते. एकदाच काय तो त्रास."

किती मायेने म्हणाल्या! तिथे प्रत्येकजण मायेनेच वागत होता. वहिनी मायेने खोटं बोलल्या, सिस्टरने मायेने पिशवी दिली, आता या मायेने जाड सळई घालणार. आणि मधे मी, सुताच्या गुंडीसारखी हातोहात फिरलेली.

मला सगळं समजत होतं. बोलले तर बाई हात आखडता घेतील, पुन्हा बारीक सळई, पुन्हा अडकणार, पुन्हा 'घरी जा'. पुन्हा रात्रभर छताकडे बघत बसायचं, आत काय आहे, ते आहे की नाही. नाही बोलले तर कदाचित सळई जाईलही. गेली तर आज सोक्षमोक्ष. मला आज हवं होतं. मला इतकं आज हवं होतं की क्षणभर मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, जाऊ दे, घाल बाई एकदाची.

मग थंड लोखंड लागलं आणि माझं डोकंच फिरलं. पोट माझं, पिशवी माझी, आणि बोलणार सगळं जग!

"थांबा!" मी ओरडले. सिस्टर दचकली. "मला काही दुखलं नाही. सकाळपासून एकदासुद्धा दुखलं नाही. पिशवी जाऊबाईंनी मागून आणली. मी तिच्या उबेवर नुसती झोपले."

डॉक्टरीणबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. हातातली मधली सळई त्यांनी ताटात ठेवली. "न दुखताही गोळीचा गुण येऊ शकतो," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी तुमच्या कळांवर विसंबले होते. चूक माझी आहे. त्या गरम पिशवीवर जायला नको होतं." मग त्यांनी सगळ्यांत बारीक सळई घेतली. मी दिव्याकडे बघत श्वास धरला. आत काहीतरी टोचलं, अडलं, पुन्हा टोचलं. कळ मस्तकात गेली. त्या थांबल्या, दिशा बदलली, पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"थोडं जोरात करा," मी म्हटलं. मीच म्हटलं! "मी सोसते."

"तुम्ही सोसाल, गर्भपिशवी सोसणार नाही. बारीकसुद्धा शिरत नाही. मघाची सरळ घातली असती तर भोकच पडलं असतं, आणि मग तुम्हाला भूल देऊन पोट उघडावं लागलं असतं. बोललात म्हणून बरं झालं." त्यांनी माझे पाय स्वतः सोडवले. पंधरा दिवस आतून लावायला मलम देते म्हणाल्या, ते लावून मग खरी गोळी, उघड उघड, चाचणीबाहेर. त्याने बऱ्याचजणींचं काम होतं.

"म्हणजे मला आज खोटी होती?"

"कोण जाणे. सगळ्या बायका संपेपर्यंत मलाही कळायचं नाही."

पडदा काळाच राहिला होता. मी उठून बसले तेव्हा पोटात चांगलंच दुखत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

वहिनी बाहेर बाकावर माझी चप्पल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला चालत येताना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "झालं? मी घरी फोन केला, सगळं नीट झालं म्हणून. मास्तरीणबाईचं तर दहा मिनिटांत आटपलं. बघितलंस, पिशवीचा कसा उपयोग झाला ते!"

माझा तोल सुटला. जिन्यावर माणसं होती, त्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "काय झालं डोंबल! तुमच्या त्या पिशवीपायी माझ्या पोटाला भोक पडत होतं! कळा आल्या समजून बाई जाड सळई घालायला निघाल्या होत्या. मी ओरडले म्हणून वाचले. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या वतीने दुखायला? माझं पोट आहे ते, वहिनी! मला तोंड दिलंय देवाने!"

वाटलं, आता या सुरू होणार. मी कंबर कसून उभी राहिले. पण वहिनींनी चप्पल मांडीवरून खाली ठेवली, माझ्या पायांपुढे, नीट जोडीने.

"मग आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच माहीत नाही. शिरताच आलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा."

"पंधरा दिवस?" त्यांचा आवाज असा आला की मला तो ओळखू आला नाही. त्यांनी पदराचं टोक तोंडावर दाबलं. "मला वाटलं, दुखतंय म्हटलं की तुझ्याकडे जरा नीट बघतील. मला आजच कळायला हवं होतं गं. महिनाभर झोप नाही मला. तू समोर मशीनवर डुलक्या काढतेस ना, तर मी बघत बसते तुझी मान हलतेय की नाही ते." त्यांनी माझा हात धरला, जोरात, नखं रुतली. "तुला काही झालं, तर मी त्या गाळ्यात भांडू कोणाशी?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. "फोन द्या इकडे, वहिनी," मी म्हटलं. "घरी काय झालं ते मी सांगते."