डेटलेफचं वाक्य

आल्विन क्रेत्स्मार मेकअपवाला होता. बर्लिनच्या स्टुडिओत त्याने उमेदीची सगळी वर्षं नट्यांचे गाल खुलवण्यात आणि राजेमहाराजांना दाढ्या चिकटवण्यात घालवली. युद्ध लांबलं तसे सिनेमे बदलले. प्रेमं कमी झाली, मरणं वाढली, आणि आल्विनकडे जखमांचं काम आलं. त्यात त्याचा हात असा बसला की लोक म्हणत, क्रेत्स्मारने रंगवलेला मुडदा उठून जेवायला बसला की भीती वाटते.

युद्धाच्या पाचव्या वर्षी त्याला बाल्टिक समुद्राकाठच्या एका गावात पाठवलं. तिथे एका जुन्या वेढ्यावरचा भव्य सिनेमा चालला होता. नेपोलियनच्या फौजेने गाव वेढलं आहे, गाव जळतं आहे, पण गावकरी वेशीची किल्ली देत नाहीत, अशी गोष्ट. प्रचार मंत्रालयाने हात सैल सोडला होता. बर्लिनमध्ये लोणी औषधालाही मिळत नव्हतं, आणि इथे खोट्या बर्फासाठी खडूची पूड मालगाड्या भरून येत होती. फौजा दाखवायला माणसं कमी पडली, तेव्हा खऱ्या फौजेतल्या तुकड्याच बोलावल्या. रशियातून अर्ध्या होऊन आलेली एक तुकडी नव्या भरतीची वाट बघत जवळच पडून होती. तिला जुने निळे कोट चढवले. त्यात आल्विनचा मुलगा डेटलेफ होता.

मुलगा समोर येऊन खुर्चीत बसला तेव्हा आल्विनने त्याला पटकन ओळखलंच नाही. गाल बसलेले, गळ्याच्या हाडाखाली एक ओबडधोबड वण.

"बघताय काय बाबा? रंगवा," डेटलेफ म्हणाला. "कपाळावर जखम सांगितलीय."

आल्विन रंगवू लागला. डेटलेफने आरशात पाहिलं.

"एवढी लाल नसते. थोड्या वेळाने काळी पडते. आणि माश्या बसतात."

"माश्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत," आल्विन म्हणाला.

त्या आठवड्यांत बापलेक जितके एकत्र राहिले, तितके डेटलेफच्या लहानपणीही राहिले नव्हते. दुपारी दोघं कपड्यांच्या गाडीमागे बसून हेरिंग मासे आणि बटाटे खात. डेटलेफ मोजकंच बोले. एकदा काटा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "हे युद्ध आपण हरलोय, बाबा. तिकडे सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही." आल्विनने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. असं बोलणाऱ्याची मान उडत होती.

मग कुणकुण लागली की तुकडी पुन्हा पूर्वेला निघणार. आल्विन डायरेक्टर रोमहिल्डसाहेबांकडे गेला. साहेब पूर्वी स्वतः नट होते, तब्येत तेव्हापासून नाजूक, आणि ती कॅमेऱ्यापुढे झाकायचं काम एका जुन्या सिनेमात आल्विननेच केलं होतं. तेवढीच काय ती ओळख.

"साहेब, माझा पोरगा. एवढं शूटिंग होईपर्यंत तरी."

रोमहिल्डसाहेबांनी विचार केला. "गर्दीतला माणूस मला थांबवता येत नाही, क्रेत्स्मार. बोलणारा नट थांबवता येतो. चेहरा चांगला आहे त्याचा. एक वाक्य देतो. पुढे आवाजाच्या कामासाठी बर्लिनलाही मागून घेईन. पण बोलता आलं पाहिजे."

वाक्य असं होतं: "घर जळू दे, मी जळू दे, किल्ली मिळणार नाही." जळत्या घरासमोर एक जखमी तरुण शत्रूच्या अधिकाऱ्याला हे सांगतो आणि कोसळतो.

डेटलेफने ते वाचलं आणि हसला. पहिल्या तालमीत तो बाजारात भाव सांगावा तसं ते म्हणाला. रोमहिल्डसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

हे वाक्य म्हणजे पोराचा जीव, एवढंच आल्विनला दिसत होतं. रोज रंगाच्या टेबलाशी बसवून तो त्याच्याकडून घोटून घेऊ लागला.

"तुझ्या आईला आठव. आपल्या घराच्या दाराशी कोणी आलंय, आई आत आहे. आता म्हण."

"बाबा, हे खोटं आहे."

"असू दे. तू खरं समजून म्हण. मनातून."

पोरगं शहाणं. बापासाठी म्हणत राहिलं. आणि म्हणता म्हणता एके दिवशी त्याचा आवाज बदलला. आल्विनच्या अंगावर काटा आला, आणि त्याला आनंद झाला.

शूटिंगच्या दिवशी खडूच्या बर्फात शेकडो शिपाई उभे होते. डेटलेफ बोलला. कॅमेरा थांबला तरी कोणी हललं नाही. दाढी वाढलेला एक सार्जंट बाहीने डोळे पुसत होता. नंतर शिपाई एकेक करून डेटलेफजवळ आले. कोणी पाठ थोपटली, कोणी नुसता हात दाबला. रशियातून परतल्यापासून त्याच्या तोंडावर नव्हतं ते तेज त्या दिवशी आलं.

रोमहिल्डसाहेबांनी शब्द पाळला. डेटलेफला बर्लिनला नेण्याची परवानगी आली. आल्विन धावतच ती बातमी घेऊन गेला. डेटलेफ वळकटी बांधत होता.

"मी तुकडीबरोबर जातोय, बाबा."

"वेडा आहेस का? कागद आलेत तुझे."

"सगळ्यांसमोर बोललो मी ते. ते सगळे निघालेत. मी काय पावडरचा डबा धरून बसू?"

"अरे, ते कोणीतरी लिहिलेलं वाक्य आहे. तुझं नाही ते."

"आधी नव्हतं," डेटलेफ म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "तुम्हीच म्हणालात ना, खरं समजून म्हण."

"तूच सांगितलंस, युद्ध हरलोय."

"हरलोच आहोत. पण मग जे मेले ते कशासाठी मेले? काहीतरी पाहिजे ना."

आल्विनने त्याची बाही धरली. डेटलेफने ती हळूच सोडवली, बापाच्या गालाला गाल लावला आणि ट्रककडे गेला. कपाळावरचा रंग नीट निघाला नव्हता. केसांच्या कडेला लाल रेघ राहिली होती, आणि आल्विन ती पुसायचं म्हणेपर्यंत ट्रक निघाला.

पुढच्या हिवाळ्यात डेटलेफ पूर्व प्रशियात मारला गेला. निरोप आला तेव्हा माटिल्डे, त्याची आई, कोबी चिरत होती. तिने सगळा कोबी चिरून संपवला आणि मग खाली बसली.

काही दिवसांनी तो सिनेमा बर्लिनमध्ये लागला. माटिल्डे म्हणाली, "मला त्याला बघायचंय. त्याचा आवाज ऐकायचाय." बॉम्बने छतं उडालेल्या घरांच्या गल्ल्यांतून दोघं थिएटरला गेली. पुढच्या रांगांत नव्या भरतीची मुलं होती. त्यांचे कोट त्यांना मोठे होत होते.

डेटलेफ पडद्यावर आला. माटिल्डेने आल्विनचं मनगट घट्ट धरलं. डेटलेफचे ओठ हलले आणि थिएटरभर एक भारदस्त, घुमणारा आवाज पसरला. तो डेटलेफचा नव्हता. पोराची आईकडून आलेली ड्रेस्डेनकडची मऊ ढब कोणाला तरी पसंत पडली नसावी. कोणा नटाकडून वाक्य भरून घेतलं होतं.

"हा कोण बोलतोय?" माटिल्डेने विचारलं. "आल्विन, हा कोण बोलतोय?"

पुढच्या रांगांतली मुलं टाळ्या वाजवत होती. आल्विन उभा राहिला.

"तो रंग आहे," तो म्हणाला. "मुलांनो, ती जखम मी रंगवलीय. तो माझा मुलगा आहे. त्याला हे बोलायचं नव्हतं."

काही डोकी मागे वळली. "आजोबा, बसा ना, दिसत नाही," एक जण म्हणाला, तोही अदबीने. माटिल्डेने आल्विनला कोटाला धरून खाली ओढलं, आणि कोणी गणवेशवाला उठायच्या आत बाहेर काढलं.

रस्त्यात तिने विचारलं, "बोलायचं नव्हतं म्हणजे?"

आल्विनने सगळं सांगितलं. साहेबांकडे गेल्याचं, वाक्य मागितल्याचं, आईला आठव म्हणून घोटून घेतल्याचं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मी असते तर मीही गेले असते साहेबांकडे," ती म्हणाली. "पण माझं नाव घालायला नको होतंस त्यात."

मग दोघं घराकडे चालू लागली. रस्ता बर्फाने निसरडा झाला होता. आल्विनने तिच्यापुढे हात धरला. तिने तो घेतला नाही, भिंतीला धरून चालत राहिली.