पार आणि चर

बाओजूने दिराच्या कपात चहा काठोकाठ भरला. इतका, की कडेवर त्याचा फुगवटा आला आणि उचलणाऱ्याची बोटं पोळणार हे नक्की झालं. फंगह्वांग डोंगरावर शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो: उठा, चालते व्हा.

तालुक्याहून आलेल्या न्येबाईंनाही तो कळला. न्येबाई झाडांच्या डॉक्टर, वयाने बाओजूच्या मुलीएवढ्या. त्यांच्या कपात चहा रीतसर, कडेपासून जरा खाली होता. त्यांनी कप उचलला, हुंगला आणि नजर खिडकीबाहेर नेऊन ठेवली.

दीर देशुन जागचा हलला नाही. कपाला हात न लावता तो नुसता खाली वाकला आणि सुर्रकन वरचा थर ओढून घेतला.

"वहिनी, दादा गेल्यापासून पहिल्यांदा या घरात बसलोय," तो ओठ पुसत म्हणाला. "एवढा पाहुणचार नका करू. सवय नाही राहिली."

"पाहुणचार कसला, भावजी? कप इवलासा, तुमची हाव मोठी. म्हटलं, भरूनच द्यावा."

"चहा जुनाच काढलेला दिसतोय."

"माणूस बघून डबा काढते मी."

न्येबाई खाकरल्या. "काकू, काका, उजेड आहे तोवर मला झाड बघायचंय."

झाड म्हणजे चहाची थोरली. बाओजूच्या सासऱ्यांच्या आज्याने लावलेली की त्याच्याही आधीची, कुणाला ठाऊक नव्हतं. दोन पुरुष उंच, बुंध्यावर शेवाळ, शिडी लावून खुडावी लागे. या डोंगरावर अशा एकेका झाडाचा चहा वेगळा खुडतात, वेगळा करतात आणि वासावरून त्याला नाव देतात. कुणाला बदामाचा वास, कुणाला मधाचा. थोरलीला सोनटक्क्याचा. कप रिकामा झाला तरी तळाशी तो वास रेंगाळायचा, ओंजळीत फुलं धरावीत तसा.

सासऱ्यांनी मरण्याआधी शेत वाटून दिलं, पण झाड कसं वाटणार? थोरली नेमकी बांधावर उभी. त्यांनी तोड काढली. डोंगराच्या अंगाच्या फांद्या थोरल्याच्या, दरीच्या अंगाच्या धाकट्याच्या. पण खुडायचं एकाच दिवशी आणि चहा करायचा एकाच चुलीवर. थोरला म्हणजे बाओजूचा नवरा देमाव. काही वर्षं भावांनी ते पाळलं. मग देशुनने थोरलीच्या काड्या कापून पलीकडच्या तालुक्यातल्या रोपवाल्याला कलमांसाठी दिल्या, आणि स्वतःच्या खालच्या वावरातही कलमं बांधली. देमावला हे कळलं बाजारात. एका परक्या माणसाने त्याच्यापुढे कप ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "आमच्या मळ्यातला सोनटक्का. बघा बरं कसा वाटतो?"

देमावने तो कप संपवला, घरी आला आणि त्यानंतर भावाशी एक शब्द बोलला नाही. छातीच्या दुखण्याने गेला तोही न बोलता. अंत्ययात्रेला आलेल्या सगळ्या गावाला बाओजूने अंगणात चहा दिला. देशुनपाशी पोचली तेव्हा किटली घेऊन घरात निघून गेली.

आता थोरलीची पानं पिवळी पडत होती. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या झाल्या होत्या. म्हणून न्येबाई आल्या होत्या, आणि म्हणून देशुन.

न्येबाईंनी बुंधा ठोकून पाहिला, माती उकरली, मुळांची साल नखाने खरवडली. मग उठून हात झटकले.

"हा पार कुणी बांधला?"

थोरलीच्या दरीकडच्या अंगाला देशुनने दगडी पार बांधला होता. शहरातून माणसं गाड्या करून जुनं झाड बघायला येत, पारावर बसून फोटो काढत, देशुन त्यांना तिथेच चहा पाजत असे. पार सपाट व्हावा म्हणून त्याने बुंध्याशी गुडघाभर माती चढवली होती.

"मीच बांधला," देशुन म्हणाला. "झाडाची शोभा वाढली."

"झाड गुदमरलंय त्याखाली. मुळांना हवाच नाही." न्येबाई वळल्या. "आणि हा चर?"

डोंगराकडच्या अंगाला कंबरभर खोल चर होता. देशुनचे पाहुणे आपल्या बाजूला फिरकू नयेत म्हणून बाओजूने तो खणून घेतला होता. खणताना दंडाएवढी मुळं आडवी आली, गड्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "तोड."

"माझ्या जमिनीत आहे," ती आता म्हणाली.

"मुळं कुणाच्या जमिनीत आहेत ते झाडाला कळत नाही, काकू. एका बाजूने काकांनी त्याचा गळा दाबलाय आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही पाय तोडलेत." न्येबाईंचा आवाज चढला होता, त्यांनी तो खाली आणला. "पार फोडा. चर चांगल्या मातीने भरा. दोन्ही लगेच. आणि यंदा एक पानही खुडू नका. मग बघू."

त्या गेल्या. त्यांची गाडी वळणाआड झाली.

"ऐकलंत?" बाओजू म्हणाली. "पारामुळे मरतंय."

"मी तर ऐकलं, चरामुळे."

"आधी पार फोडा. त्याच दिवशी चर भरते."

"पार फोडायला गवंडी लागतो, वहिनी. चर भरायला नुसतं फावडं. सोपं काम ज्याचं, त्याने सुरुवात करावी."

"म्हणजे मी भरायचा आणि तुम्ही पारावर बसून बघायचं?"

"आणि मी पार फोडला की तुम्ही चर आणखी खोल करणार! ओळखतो मी तुम्हाला."

"ओळखता तर. तुमच्या भावाने ओळखायला उशीर केला."

हे बोलून ती घरात गेली आणि दार आपटलं. रोज सकाळी उठली की ती मागच्या खिडकीतून बघायची, पाराचा एखादा दगड हलला का. दगड जागेवर असायचा. फावडं ओसरीतच टेकवलेलं होतं. एकदा तिने ते हातात घेतलं, चरापर्यंत गेलीही. तेवढ्यात खालून देशुनच्या हसण्याचा आवाज आला. तो कुणा पाहुण्याला चहा ओतत होता, कदाचित तिच्याबद्दल बोलतही नसेल. बाओजू फावडं घेऊन परत आली.

वसंतात थोरली फुटली. अशी फुटली की गाव बघायला आलं. उघड्या पडलेल्या फांद्यांवरही कोवळी, लालसर पानं दाटली. म्हातारे माना हलवत निघून गेले. मरायला टेकलेलं झाड असंच फुटतं हे त्यांना माहीत होतं. बाओजूलाही माहीत होतं.

स्वच्छ ऊन पडलेल्या एका दुपारी देशुन टोपल्या आणि शिडी घेऊन आला, बरोबर खुडणाऱ्या दोन बायका. बाओजू चुलीवरचं भातपेजेचं भांडं तसंच टाकून धावली.

"हात लावू नका! खुडायचं नाही म्हणून सांगितलंय."

"पार फोडायलाही सांगितलं होतं. चर भरायलाही," देशुन शिडी टेकवत म्हणाला. "आजच कशी डॉक्टरीणबाईंची आठवण झाली?"

"मरेल ती!"

"ती मेलेलीच आहे, वहिनी. पानं आज आहेत, उद्या नाहीत. मी माझी बाजू खुडणार. तुम्ही तुमच्या बाजूची पूजा मांडा."

तो चढला. बायका खाली वाकलेल्या फांद्या खुडू लागल्या. बाओजू उभी राहिली. तिने शिडी ओढली असती तर देशुन खाली आला असता. तिच्या हातात तेवढा जोर होता. पण तिची नजर टोपलीकडे गेली. टोपलीत कोवळी पानं पडत होती, आणि त्यांचा हिरवा, कच्चा वास तिच्यापर्यंत आला. या वर्षीचा सोनटक्का त्याच्या घरात होईल आणि तिच्या घरात नाही. शेवटचा सोनटक्का. पुढे जन्मभर तो पारावर बसून सांगत राहील. हे एकदा डोक्यात शिरलं, आणि मग दुसरं काही सुचेना.

ती घरी गेली आणि स्वतःची शिडी घेऊन आली.

दोघं एकमेकांकडे पाठ करून खुडत राहिले, मध्ये झाड. त्याने तिकडे फांदी ओढली की इकडची हलायची आणि तिच्या हातातलं पान निसटायचं.

"हळू ओढा की जरा!" ती ओरडली.

"तुम्हाला आता दया आली?" तिकडून उत्तर आलं.

बाओजूने आपली पानं वेताच्या सुपांत पसरून उन्हात ठेवली, मऊ झाल्यावर सावलीत आणली. मग सूप हलवायचं, थांबायचं, पुन्हा हलवायचं. पानं एकमेकांवर घासतात, कडा लालसर होतात, मधला भाग हिरवाच राहतो. हा हात तिला सासऱ्यांनी शिकवला होता. किती हलवायचं ते सांगता येत नाही, नाकानेच कळतं. कच्चा वास जातो आणि फुलाचा वर येतो, त्या क्षणी पानं तापल्या कढईत गेली पाहिजेत. त्यानंतर ती मळायची आणि कोळशाच्या मंद धगीवर सुकवायची. तिने कुठेही हात आखडता घेतला नाही. वास आला. सोनटक्का घरभर भरला, आणि ती एकटी असूनही मोठ्याने म्हणाली, "बघा!"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने चहा टाकला. पहिला घोट घेतला. वास होता, नाकात भरून होता. घोट गळ्याखाली उतरला आणि तिथे काहीच नव्हतं. थोरलीच्या चहाला गळ्यात एक गोडवा असायचा, उशिरा उमलणारा. ती वाट बघत बसली. दुसरा घोट घेतला. नुसतं सुगंधी पाणी. तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. रडली नाही. रडायला येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो कुणावर काढावा हे पहिल्यांदाच तिला कळत नव्हतं.

पावसाळा संपायच्या आत थोरली वाळली. गावात देशुन सांगायचा, "वहिनीच्या चराने मारली." बाओजू सांगायची, "भावजींच्या पाराने." लोक दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि दोघांचाही चहा प्यायचे.

थंडी सरत आली, कलमं बांधायचे दिवस आले. बाओजूच्या वरच्या वावरात साध्या जातीची तरणी झाडं होती, अगदी कलमाजोगी. सोनटक्क्याच्या काड्या तेवढ्या हव्या होत्या. पलीकडच्या तालुक्यात मिळाल्या असत्या, पण त्या कुठल्या कुठे, किती हातांतून गेलेल्या. थोरलीच्या अंगावरून थेट निघालेली झाडं एकाच ठिकाणी होती, देशुनच्या खालच्या वावरात. देमाव ज्या झाडांवरून भावाला तुटला, तीच.

कितीतरी दिवस तिने हा विचार टाळला. मग एका दुपारी कात्री आणि ओल्या शेवाळाची टोपली घेऊन ती उघड्या रस्त्याने खाली उतरली. देशुन वावरात तण काढत होता. ती सरळ पहिल्या झाडापाशी गेली आणि काडी कापली.

"ओ! काय चाललंय?"

"चोरीचा माल परत नेतेय."

"माझ्या वावरातून? विचारायची रीत आहे की नाही काही?"

"चोराला विचारतात होय?"

देशुन खुरपं घेऊन तरातरा आला. तो आता हात धरणार असं तिला वाटलं, आणि तिने कात्री पुढे केली. तो हातभर अंतरावर थांबला. टोपलीतली काडी उचलून त्याने डोळ्यांपुढे धरली.

"ही कोवळी आहे. सुकून जाईल," तो चिडून म्हणाला. "कापायचंच तर त्या टोकाच्या झाडाचं कापा. त्याचा वास थोरलीच्या सगळ्यात जवळ आहे. आणि तिरकं कापा, आडवं काय कापताय!"

"मला शिकवू नका. कलम बांधायला मामंजींनी मला शिकवलंय, तुम्हाला नाही."

"नाहीच शिकवलं." देशुनचा आवाज एकदम बारीक झाला. "दादाला शिकवलं, परक्या घरातून आलेल्या तुम्हाला शिकवलं. मी चुलीपाशी आलो की म्हणायचे, तू लाकडं आण. म्हणून बाहेर जाऊन शिकलो मी. त्या रोपवाल्याने शिकवलं. बदल्यात त्याला काय देणार होतो? काड्याच होत्या माझ्याकडे."

बाओजूला यातलं लाकडांचं माहीत होतं. उरलेलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. तिने त्या टोकाच्या झाडापर्यंत जाऊन कलमाची जुनी गाठ बोटाने चाचपली.

"नीट शिकला नाहीत," ती म्हणाली. "गाठ सैल आहे."

"जगलंय ना झाड!"

"तुमच्यामुळे नाही जगलं."

तिने तिथल्या काड्या कापल्या, तिरक्या, आणि शेवाळात गुंडाळल्या. देशुन तिच्यामागे उभा राहून शिव्या देत होता, आणि प्रत्येक शिवीमागून ही घ्या, ती नको, असंही सांगत होता. ती चढणीला लागली तेव्हा तो खालून ओरडला:

"वाळल्या तर माझ्या नावाने बोंब मारत बसू नका!"

"जगल्या तरी मारीन!" ती मागे न बघता म्हणाली.

बऱ्याच वाळल्या. थोड्या फुटल्या. बाओजूने त्याला निरोप धाडला नाही, आणि गावच्या देवळातल्या जेवणाला दोघं अजूनही वेगवेगळ्या टोकांना बसत होते. एका सकाळी तिने खिडकीतून पाहिलं तर देशुन तिच्या वरच्या वावराच्या बांधावर उभा होता, हात मागे बांधून, फुटलेल्या कलमांकडे बघत. तिने दार उघडलं. तो तिथेच थुंकला आणि खाली निघून गेला.