नमुन्याचं गाऱ्हाणं

पॉडकास्टला बोलावलंय म्हटल्यावर आमचे हे आधी दाढी करायला बसले. म्हटलं, अहो, आवाज जाणार आहे, थोबाड नाही. ऐकतील तर शपथ.

रत्नागिरीची मृणाली आपल्या पॉडकास्टवर गावच्या चालीरीती जाणणाऱ्यांना बोलतं करते. ह्यांचं नाव तिला मीच कळवलं. लांज्याकडच्या आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांचा. शिमग्यात पालखी दारी आली की एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गेल्या शिमग्याला ह्यांनी अख्ख्या वाडीची नावं घेतली आणि आमच्या संदेशचं गाळलं. का, तर त्याने न विचारता लग्न केलंन. नाव गाळलं तेही नव्या सुनेसमोर, नम्रतासमोर. पोरगा त्याच संध्याकाळी तिला घेऊन मुंबईला गेला, तो परत फिरकला नाही. बापाच्या तोंडून त्याने आपलं नाव ऐकावं, एवढंच मला हवं होतं. मृणालीचा पॉडकास्ट तो ऐकतो.

मृणालीने फोनवर सांगितलं, काका, नमुन्याचं एक गाऱ्हाणं तयार ठेवा, नावं कुठलीही घ्या. हे पडवीत उभे राहून सराव करायला लागले. 'व्हय म्हाराजा' म्हणायला घरात दुसरा गडीमाणूस नाही, म्हणून मीच समोर उभी राहिले. नाव घ्यायची वेळ आली आणि हे अडले. देवाला खोटं नाव कसं सांगायचं म्हणे. मी काही सुचवलं नाही. जीव मात्र टांगणीला लागला होता.

मग हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, संदेश नि नम्रता मुंबईत आहेत, त्यांची राखण कर."

मीही हात जोडले. म्हटलं, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी तिच्या मिरजोळ्याच्या स्टुडिओत हे भरभरून बोलले, पण गाऱ्हाणं घालायला साफ नकार. माझं काल मागून झालंय, एकदा देवाच्या कानावर घातलेलं उगाच परत घालायचं नसतं म्हणाले. मृणाली हिरमुसली. मला तर असा संताप आला, की ह्यांना तिथेच चार शब्द ऐकवावेसे वाटले.

बाहेर येऊन मीच संदेशला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. त्याने हळूच विचारलंन, "नम्रताचंही नाव घेतलंनी?"

"दोघांचं घेतलं."

"थांब आये, तिला देतो. हे तू तिला सांग."