उस्ताद दियाबची साखर ओढणारी झारी

उस्ताद दियाबची झारी फुटली. एनायात मावशीने ती भर दुपारी जिन्यावर स्वतःच्या हाताने फोडली आणि तिचे तुकडे थेट पहिल्या मजल्यापर्यंत गेले. पण झारी फुटलेलीच नाही, ती विश्रांतीसाठी वाळवंटात गेली आहे, असं दियाबच्या ऑनलाइन पानावर जाहीर झालं आहे आणि अलेक्झांड्रियातल्या करमूझच्या त्या गल्लीतल्या बहुतेकांना ते पटलंही आहे. इतक्या लोकांचं मन मोडायचं कशाला? आपणही झारी शाबूत आहे असंच धरून चालू.

तर झारी शाबूत होती आणि तिच्यापुढे रांग होती. कॉफीखान्याच्या मागच्या खोलीत सुरू झालेली रांग दारातून बाहेर पडून ट्रामच्या रुळांपर्यंत पोचली होती. ट्राम घंटा वाजवून थांबायची, मग चालकही उतरून चौकशी करायचा, कारण त्यालाही साखर होती.

"तुम्हांला ठाऊक आहे का," दियाब विचारायचा. त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं. "इतकी थडगी उकरली, इतक्या ममी सापडल्या, पण फेरोंच्या काळातली इन्सुलिनची एक तरी बाटली सापडली का? का नाही सापडली? विचार करा!"

लोक विचार करायचे.

"गरजच नव्हती!"

खोलीतून मोठा सुस्कारा निघायचा. मग दियाब मातीची झारी उचलायचा. लांब चोच, जाड पोकळ मूठ, तोंड पितळी झाकणाने पक्कं बंद. "ही पिरॅमिडच्या कोनात भाजलेली आहे. हिच्यात क्वांटम ओढ आहे. अंगातली साखर ही हवेतून ओढते आणि पाण्यात सोडते. परदेशातल्या औषधवाल्यांना पत्ता लागला तर आपली धडगत नाही, म्हणून बाहेर बोलू नका," असं तो ध्वनिक्षेपकावरून सांगायचा. आधी स्वतः पेलाभर पाणी ओतून प्यायचा, रांगेतल्या दोघांना चाखवायचा. साधं पाणी. मग झारी रोग्याच्या डोक्यावरून फिरवायचा आणि त्याच झारीतून ओतायचा. गोड! रोग्याची साखर पाण्यात उतरलेली! पुन्हा फिरवायचा, पुन्हा ओतायचा. साधं! साखर संपली, रोगी बरा, देणगीची पेटी दाराशी.

वाएलने हे सगळं प्रथम फोनवर पाहिलं. वाएल फुटक्या फोनांच्या काचा बदलायचा, पण तो पोटापुरता धंदा. त्याचं खरं काम म्हणजे 'ठाऊक होतं का?' या पानावर जगाच्या ज्ञानात भर पडली की तिच्याखाली ओळ टाकून ताबडतोब तिच्यावर पाणी ओतणं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, असं पानाने सांगितलं की वाएल लिहायचा, "आणि तरी घरच्यांना मुलगी पसंत पडत नाही." शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, असं आलं की, "मी गेलोय तिथे, दाखला काढायला." हजारभर माणसं हसरे चेहरे टाकायची आणि वाएलला आपण काहीतरी उभारतोय असं वाटायचं.

इन्सुलिनच्या बाटलीचा तो युक्तिवाद पाहून त्याने सवयीने दियाबच्या पानावर लिहिलं, "शंभर टक्के खरं. मी स्वतः संग्रहालयात चौकशी केली. एकाही ममीची साखर वाढलेली नाही, सगळ्यांची प्रकृती स्थिर आहे."

दियाबने ती ओळ सोनेरी चौकटीत घालून पानाच्या माथ्यावर लावली. वर मथळा: एका तरुण संशोधकाची साक्ष.

वाएल यावर पोट धरून हसला. मग आपल्या एनायात मावशीकडे जेवायला गेला, पाण्यासाठी फ्रीज उघडला आणि त्याचं हसू थांबलं. दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं असायची तिथे बसबूसाच्या वड्या रचल्या होत्या, पाकात निथळत.

"मावशी, औषध कुठंय?"

"दिलं टाकून. माझी साखर दियाबने काढली. डोळ्यांदेखत. मी चाखली ना, माझीच होती."

"स्वतःची साखर तुला चवीवरून ओळखता येते?"

"टिंगल नको करूस. तुझीच साक्ष वाचून गेले मी! ममींची प्रकृती स्थिर आहे, असं तूच लिहिलंस."

"मावशी, त्या मेलेल्या आहेत!"

"असतील. पण साखरेने नाही ना?"

वाएलने तिच्या पायांकडे पाहिलं. गेल्या वर्षी याच साखरेपायी मावशीच्या डाव्या पायाचं बोट कापावं लागलं होतं. आता चप्पल काढून बसलेल्या मावशीच्या घोट्याशी सूज होती, आणि दुसऱ्या बोटाचा रंग त्याला आवडला नाही. "डॉक्टरकडे चल, मी मनापासून सांगतोय," तो म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे बारकाईने पाहिलं. "मनापासून? हा तुझा मनापासूनचा चेहरा? बाबा रे, मी जन्मात पाहिला नाही तो. कशावरून खरा?"

शपथा घालूनही उपयोग नव्हता. साखर मोजायचं यंत्र त्याने पुढे केलं, तर मावशी म्हणाली, "ते आकडे परदेशी कंपनीचे." वाएल घरी येऊन 'ठाऊक होतं का?' या पानावरच्या स्वतःच्या जुन्या ओळी चाळत बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. पानाने कधीतरी सांगितलं होतं: दोन हजार वर्षांपूर्वी याच अलेक्झांड्रियात एका यंत्रकाराने अशी सुरई केली होती, जिच्यातून मालकाच्या मर्जीप्रमाणे कधी दारू पडे, कधी पाणी. आत दोन कप्पे, प्रत्येकाला हवेचं एक छिद्र. छिद्र बोटाने दाबलं की त्या कप्प्यात हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही की पातळ पदार्थ बाहेर येत नाही. त्याखाली वाएलची मौलिक भर होती: "आमच्या मावशीची किटली अशीच. जावयाला चहा, मला गरम पाणी."

म्हणजे सगळं ज्ञान समोर होतं. तो फक्त त्यावर हसून पुढे गेला होता.

त्याच आठवड्यात वाएलच्या बहिणीच्या, रीहामच्या, बाळाचा सातवा दिवस होता, सुबू. मुलगा असला की सुबूला झारी मांडायची, तिला मणी, फिती, मेणबत्त्या लावून नवरदेवासारखी नटवायची, ही रीत. मावशीने जाहीर केलं, "यंदा साधी झारी नाही. उस्तादांचीच झारी मांडायची!" दियाब हुरळला. एवढ्या बायका, एवढे नातेवाईक, शिवाय सगळ्याचं थेट प्रक्षेपण! पण झारीवर फिती चढायला लागल्या तसा तो चुळबुळला.

"बाई, तिला हात लावू नका. ऊर्जा विस्कटते."

"उस्ताद, मुलाच्या सुबूला उघडी झारी?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "लोक म्हणतील, मुलगी झाली आणि लपवताहेत."

बायकांसमोर कोणाचं काय चालतं? दियाबला मुघातचा, बाळंतघरी पाहुण्यांना देतात त्या पेयाचा, गरम पेला देऊन बाहेरच्या खोलीत बसवलं. आत वाएल एकदम कामसू झाला. "मुठीवर मेणबत्ती मी लावतो," म्हणाला. मुठीच्या वरच्या अंगाला, अंगठा टेकतो तिथे, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. खालच्या अंगाला, तर्जनीखाली, दुसरं. वाएलने मेणबत्ती तिरपी धरली आणि दोन्हींवर मेण ओघळू दिलं. झारीतले शुक्राचार्य दोन्ही वाटा अडवून बसले.

मग रीतीप्रमाणे बाळाला चाळणीत निजवलं. कानाशी पितळी खलबत्ता कुटत रीहामची सासू ओरडली, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" सगळे हसले. दियाबने फोन तिकाटण्यावर उभा केला आणि झारी उचलली.

"तुम्हांला ठाऊक आहे का..." म्हणत त्याने पेल्यावर चोच कलती केली.

काही नाही.

आणखी कलती केली. झारी जवळजवळ उलटी झाली. एक थेंब चोचीच्या टोकावर आला, लटकला, आणि त्याने उतरायचं रद्द केलं. फोनच्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या. "रेंज गेली." "बंद करून चालू करा." "नगरपालिकेचं पाणी आहे, संध्याकाळी येईल."

"झारी रुसली आहे," दियाब म्हणाला. कपाळावर घाम होता. "इथे कोणीतरी अश्रद्ध आहे."

"आहे ना, मी," वाएल म्हणाला. "बघू द्या, मी समजूत काढतो."

त्याने झारी घेतली, नखाने खालचं मेण खरवडलं आणि ती मावशीच्या हातात दिली. "मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच ओत."

"कोणाच्या डोक्यावरून फिरवू?"

"या खलबत्त्याच्या."

मावशीने झारी गंभीरपणे खलबत्त्यावरून फिरवली, ओतली, चाखली. थांबली. पुन्हा चाखली.

"गोड आहे," ती म्हणाली.

"अरेरे," वाएल म्हणाला, "खलबत्त्याला मधुमेह. आणि घरात कोणाला पत्ता नाही."

खोलीत कोणीतरी फुसकन हसलं. पण मावशी हसली नाही. वाएलने वरचं मेण काढलं आणि तिचं बोट खालच्या छिद्रावर ठेवलं. "आता ओत." साधं पाणी. बोट वरच्या छिद्रावर नेलं. गोड. मग तिने वाएलला बाजूला सारलं आणि एकटीच करत राहिली: साधं, गोड, साधं, गोड. तोवर दियाब तिकाटणं गुंडाळून दाराशी पोचला होता.

"उस्ताद," मावशीने हाक मारली. आवाज अगदी मऊ होता. "ती गोडी माझी नव्हती?"

"बाई, विज्ञान फार गुंतागुंतीचं..."

"मी तुमच्या पाकाला माझी साखर समजून औषध टाकलं. माझं एक बोट आधीच गेलंय."

दियाब जिना उतरायला लागला. जो पाहुणा पुन्हा दारात नको, त्याच्या पाठीमागे मडकं फोडायचं, ही तिथली जुनी रीत. मावशीने दुसरं मडकं शोधलं नाही. फिती, मणी, मेणबत्त्यांसकट झारी तिने वरून सोडली. आवाज चांगला झाला. तुकड्यांमध्ये मधली भिंत स्पष्ट दिसत होती. एका बाजूच्या तुकड्यांना मुंग्या लागल्या, दुसऱ्या बाजूला नाही.

"चमत्कार!" शेजारीण वरून ओरडली. "मुंग्यांनाही कळतं!"

संध्याकाळी मावशी दवाखान्यातून परतली. इन्सुलिन पुन्हा फ्रीजच्या दारात गेलं, बोट वाचेल असं डॉक्टर म्हणाले. बसबूसा वाएलने न्यायाच्या दृष्टीने स्वतः संपवली. मग तो चाळणीशी बसला, खलबत्ता हळूच एकदा वाजवला आणि बाळाला म्हणाला, "आईचंही ऐक, बापाचंही ऐक. पण कोणी डोळ्यांदेखत काही दाखवलं, तर त्याचा अंगठा कुठंय ते आधी बघ. आणि औषध बंद करायचं तर डॉक्टरला विचारून. मामा हे मनापासून सांगतोय. हा बघ, असा दिसतो तो चेहरा."

त्यानंतर त्याने 'ठाऊक होतं का?' या पानावर पुढील मजकूर रीतसर दाखल केला:

"प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय: हसऱ्या चेहऱ्याशेजारी एक नवीन चिन्ह मिळण्याबाबत. महोदय, सदर चिन्हाचा अर्थ 'मी थट्टा करत होतो, औषध घेत राहा' असा असावा. ते अर्जदाराच्या आजवरच्या सर्व ओळींना मागील तारखेपासून लावण्यात यावं. तसेच उस्ताद दियाब यांच्या सोनेरी चौकटीतील तरुण संशोधकास सेवेतून तत्काळ बडतर्फ करून, संग्रहालयातील सर्व ममींची साखर उपाशीपोटी तपासण्यात यावी आणि अहवालाची एक प्रत मावशीस पाठवावी, ही नम्र विनंती."