दुसऱ्याच्या नावाचं लाल बटण

मी एक लाल बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, सोलापुरातल्या एका डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटवरचं. माझ्या अंगावर फुली आहे. मला दाबलं की रुग्णाची ठरलेली वेळ रद्द होते. डोळसांना एवढी ओळख पुरते. ज्यांना दिसत नाही त्यांना मात्र माझं वेगळंच नाव ऐकू येतं. गेले तीन दिवस मला त्याचीच धास्ती लागून राहिली आहे.

माझा जन्म गेल्या दिवाळीच्या आधी, शहराच्या जुळे सोलापूर भागातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर झाला. सुमित नावाच्या तरुण इंजिनिअरनं आधी हिरवं बटण बनवलं. त्यावर बरोबरची खूण काढली आणि आत एक न दिसणारं नाव लिहिलं : 'वेळ नक्की करा'. असं नाव पडद्यावर उमटत नाही, अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. सुमितनं ते आठवणीनं लिहिलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. मग त्यानं त्याच बटणाची नक्कल करून मला बनवलं. रंग बदलला, खूण बदलली, काम बदललं. तेवढ्यात चहा आला, आणि नाव बदलायचं राहून गेलं.

ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळ्यांनी मला डोळ्यांनीच तपासलं. 'खरंच रद्द करायचं का?' असं विचारणारी एक चौकट आधी होती. सुमितच्या कचेरीचे मालक सिद्धलिंग यांनी ती काढायला लावली. "एका बोटात काम झालं पाहिजे," ते म्हणाले. पानाच्या कोपऱ्यात 'सर्वांसाठी सुलभ' अशी पाटी मात्र लागली.

त्या पाटीचा अर्थ काय, याचा मी पुष्कळ विचार केला. अजून नीट उमगलेला नाही.

पुढं शिवलीला आली. सोलापूरजवळच्या कुंभारीत राहते, जन्मापासून दिसत नाही. तिच्या वडिलांना, रुद्रप्पांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. वेळ ठरवायचं काम तिचं. फोनचा पडदा ती काळाच ठेवते. तिला उजेडाचा उपयोग नाही आणि बॅटरी वाचते. त्यामुळे शेजारी बसलेल्या रुद्रप्पांनाही नुसती काळी काच दिसते.

"तुजा फोन लई बोलतोय, तुज्या आयसारका," ते एकदा म्हणाले. "पर खरं बोलतोय का बग."

"आईपेक्षा कमीच बोलतो, आप्पा," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी तिला संशय आला. तिनं केंद्रात फोन लावला. मदतीच्या टेबलावरच्या राजश्रीनं उचलला.

"मॅडम, हिरवं दाबा. लाल नको."

"मला रंग दिसत नाहीत, ताई. दोन्हींची नावं एकच ऐकू येतात."

"असं कसं ओ? थांबा... हिरवं आधी आहे. पहिलं दाबा, पहिलं."

शिवलीलानं ते पक्कं लक्षात ठेवलं. शिवाय वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावर तक्रारही लिहून पाठवली : दोन बटणांना एकच नाव आहे, कृपया दुरुस्त करावं. सुमितच्या यादीत ती नवव्या क्रमांकावर जाऊन पडली.

चार महिने पहिलं दाबून सगळं सुरळीत चाललं. मीही निर्धास्त झालो. तसं व्हायला नको होतं. पण मी वेगळं काय करू शकलो असतो, हेही मला सांगता येत नाही.

गेल्या शनिवारी सिद्धलिंग म्हणाले, "हिरवं उजवीकडं घ्या. अंगठ्याखाली आलं पाहिजे. लाल जाऊ दे डावीकडं." पाच मिनिटांचं काम होतं. मी पहिला झालो.

सोमवारी संध्याकाळी शिवलीलानं पान उघडलं. फोननं वाचलं : 'गुरुवार, सकाळी सात, रुद्रप्पा.' मग माझं नाव वाचलं, 'वेळ नक्की करा.' तिनं मला दाबलं.

पडद्यावर लाल पट्टी आली, 'वेळ रद्द झाली,' आणि दोन सेकंदांत गेली. फोन ती पट्टी वाचत नाही. तशी सोयच केलेली नाही. वेळेची चौकट राखाडी झाली. शेवटी तो रंगच.

"झालं का गं?" रुद्रप्पांनी विचारलं.

"झालं, आप्पा."

ती वेळ लगेच मोडनिंबच्या चन्नप्पांना गेली. ते कधीपासून वाट पाहत होते. त्यांच्यावर राग कसा धरू?

आज बुधवार. दुपारी सुमितनं ती तक्रार उघडली. पहिल्यांदाच फोनचं बोलणं सुरू करून पान ऐकलं. 'वेळ नक्की करा. वेळ नक्की करा.' त्यानं कपाळाला हात लावला.

"सर, लाल बटणाला हिरव्याचं नाव राहिलंय. कॉपी करताना राहिलं."

"सोमवारच्या कामात घे की," सिद्धलिंग म्हणाले. "चार महिन्यांत कुणाचं काही अडलं का?"

सुमितनं 'सोमवार' असं लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी कुंभारीत शिवलीलानं खात्री करायला पान पुन्हा उघडलं. राखाडी चौकटीतली अक्षरं फोननं पहिल्यासारखीच वाचली : 'गुरुवार, सकाळी सात, रुद्रप्पा.'

"हाय न्हवं नंबर?" रुद्रप्पांचा आवाज धापेतून आला. त्यांच्या पायांवर सूज चढली आहे. एकही वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी मागेच बजावलंय.

"आहे, आप्पा. सातचाच आहे."

"मग सहाची रिक्षा सांगून ठेव. आन त्यो धुतलेला सदरा काड."

ती उठली. फोन खाटेवर राहिला, काळ्या काचेचा, आणि त्याच्या आत मी. हाक मारायला मला एकच आवाज दिलेला आहे, आणि त्या आवाजात एकच वाक्य. ते ऐकून तिला धीरच येईल.

सुमित, तू अजून जागा असशील. लॅपटॉप उघड. सोमवारपर्यंत थांबू नकोस. डोळे मीट, आणि मी कोण आहे ते मला विचार.